ड्रॅगनफ्लाय सापडला एकदाचा!

मंडळी, ड्रॅगनफ्लाय हा रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा, प्लगइन (जोड-प्रोग्राम) आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेना, त्यात चार रात्री गेल्या. त्यातली दीड रात्र लाईटच नव्हती, ती सोडून द्या.

वाडीतल्या डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) तालमीचं आर्डरमधलं मिक्स बुवांना ऐकवलं, हे मागे सांगितलंच. बुवा म्हणाले, "आवाज न्हाणीतलो येता रे." खरंच होतं ते. जुन्या रिव्हर्बमध्ये झांजा पत्र्यावर खडे पडल्यासारख्या वाजत होत्या. म्हणून ड्रॅगनफ्लायचा हॉल, म्हणजे सभागृहासारखा घुमारा, घ्यायचं ठरवलं.

एपीटीने, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने बसवला, आर्डरमध्ये स्कॅन केलं. नाही! बसवलेल्या प्लगइनची यादी देणारं एलव्ही२एलएस चालवलं तर यादीत नाव हजर. यूएसआर-लिब या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये प्लगइनचं बंडल जागच्या जागी. काढला, परत टाकला, स्कॅनची कॅशे पुसली. कार्ला या प्लगइन चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामात उघडला तर पहिल्या झटक्यात वाजला. म्हणजे प्लगइन ठणठणीत. आणि डोकं फिरवणारी गोष्ट ही की एलएसपी या दुसऱ्या संचाचे सगळे प्लगइन त्याच आर्डरमध्ये बिनबोभाट दिसत होते. यॅब्रिज (विंडोजचे प्लगइन लिनक्सवर चालवणारा पूल) लावून विंडोजचा रिव्हर्ब आणावा असंही एकदा मनात आलं. पण थेट लिनक्सचा मिळत असताना त्यासाठी लागणारं वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, मध्ये कशाला घ्या?

तिसऱ्या रात्री काळोखात डास मारताना आठवलं. नवी आवृत्ती हवी म्हणून मे महिन्यात मीच डिस्ट्रोचा (लिनक्ससोबतचा) आर्डर काढून फ्लॅटपॅकचा, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात चालणारा, टाकला होता! त्या कप्प्यातल्या (सँडबॉक्समधल्या) आर्डरला आपलं यूएसआर दिसतच नाही, त्याचं यूएसआर वेगळं. एलएसपीही तेव्हा फ्लॅटहबवरूनच (फ्लॅटपॅकच्या भांडारातून) घेतलेले, म्हणून ते दिसत होते.

मग ड्रॅगनफ्लायचं फ्लॅटपॅकसाठीचं एक्स्टेन्शन उतरवलं, पडवीच्या ज्या एका कोपऱ्यात नेटवर्क येतं तिथे लॅपटॉप धरून. तरी नाही! कुठली ब्रँच (आवृत्ती) हवी असं विचारल्यावर मी ऐटीत २४.०८ निवडली होती. फ्लॅटपॅक इन्फो या कमांडने बघितलं तर माझ्या आर्डरचा रनटाइम, म्हणजे तो ज्या पायावर चालतो तो, २३.०८. ब्रँच जुळवली, स्कॅन केलं, आणि यादीत हॉल, रूम, प्लेट, अर्ली रिफ्लेक्शन्स, चौघेही.

डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) १.८ सेकंद, प्रीडिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) १२ मिलिसेकंद, हाय कट (घुमाऱ्यातले तीक्ष्ण सूर कापणारा) बराच खाली. झांजा मागे सरकल्या, पेटी मोकळी झाली. पखवाज कोरडाच ठेवलाय, त्याच्या धुमेवर (जाड आवाजाच्या बाजूवर) रिव्हर्ब घातला की सगळं गढूळ होतं.

पुढे प्लेट वापरून बघणार होतो. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, देवळाचा सभामंडप दोनशे पावलांवर असताना हॉल उसना कशाला? मंडपात फुगा फोडायचा, तो आवाज ४८ किलोहर्ट्झवर टिपायचा आणि एलएसपीच्या इम्पल्स रिव्हर्बमध्ये घालायचा, म्हणजे मंडपाचाच घुमारा मिळेल. प्लेट राहू दे.

अडचण पावसाची. कौलांवर तो असा कोसळतोय की फुग्याच्या आवाजाच्या शेपटीत पाऊसच येईल. मोठे फुगे आणून ठेवलेत. उघडीप मिळाली की गुरवकाकांना विचारतो. देवळात फुगा कशाला फोडायचा, हे त्यांना कसं सांगायचं तेवढं सुचवा.