शिकारी पक्ष्यांची गणना, तिसरा महिना : आकडा घटला, नोंदी सुधारल्या

पहिल्या महिन्यात चौदा किलोमीटरच्या याच वाटेवर जेवढे हॅरियर, म्हणजे आपले भोवत्या, मोजले होते, त्याच्या निम्मेही या वेळी भरले नाहीत. पक्षी घटले असं मला वाटत नाही. दुबार मोजणी थांबली.

हॅरियर गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे धरून, माळ विंचरल्यासारखा येत-जात राहतो. पुढे दिसलेला पक्षी मागून वळसा घालून अर्ध्या तासाने परत समोर येतो आणि वहीत दुसरा पक्षी म्हणून चढतो. आता प्रत्येकाची वेळ, उडण्याची दिशा आणि पिसारा लिहितो. मागून येऊन पुढे गेलेला पक्षी मोजत नाही. गाडी ताशी वीसच्या आसपास, वाट एकाच दिशेने, सुरुवातीची वेळ दर खेपेला तीच. जमीन तापल्यावर गरुड आणि बझर्ड (रुंद पंखांचे शिकारी पक्षी) वर चढतात, त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा आकडा शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

अंतराचं गणितही बसवलं. खांबावरची कापशी घार लांबूनही दिसते, गवतात बसलेला हॅरियर शंभर मीटरवरही निसटतो. म्हणून कच्च्या आकड्यांवरून दोन जातींची तुलना होत नाही. पक्षी पहिल्यांदा जिथे दिसला तिथलं अंतर आणि वाटेशी होणारा कोन घेतो. चारशे मीटर आणि तीस अंश असले, तर वाटेपासूनचं लंब अंतर दोनशे मीटर. उडत्या पक्ष्यावर रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, टिकत नाही, तेव्हा त्याच्या खालचं झुडूप लक्षात ठेवून त्याचं अंतर मोजतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रिंगटेलवर, म्हणजे हॅरियरच्या तपकिरी माद्या आणि पिल्लांवर. माँटेग्यू आणि पॅलिड या हॅरियरच्या दोन जाती. नर सोपे: माँटेग्यूच्या पंखावर वरून काळी पट्टी, पॅलिडच्या पंखटोकाला काळी पाचर. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरी, लांबून सगळी सारखीच. पॅलिडमध्ये कानामागच्या गडद डागानंतर फिकट कंठपट्टी आणि तिच्यामागे गडद मान दिसते. पिल्लांत हे फार ठळक असतं. फोटो असेल तर पंखटोकाची बोटं, म्हणजे सुटी दिसणारी लांब पिसंही मोजावीत: या दोघांना चार, हेन हॅरियर या तिसऱ्या जातीला पाच. या दोघांच्या पिल्लांचं पोट तांबूस आणि जवळजवळ बिनरेघांचं.

हे सगळं शिकून पहिल्या महिन्याचे फोटो पुन्हा उघडले आणि बरीच नावं खोडली. जीव तुटला, पण मान न दिसता लिहिलेलं नाव वहीत ठेवणं मला पटेना. आता ‘रिंगटेल, जात अनिश्चित’ असा रकाना आहे आणि तो सर्वांत भरलेला आहे. नवीन येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, हा रकाना पहिल्याच दिवशी आखा. आणि ज्या किलोमीटरवर काहीच दिसलं नाही, तिथे शून्य लिहा. जागा कोरी सोडली तर नंतर तिथे पाहिलं होतं की नाही हेच कळत नाही.

संध्याकाळी रातथाऱ्यावर, म्हणजे हॅरियर रात्री एकत्र मुक्काम करतात त्या जागी, तीन वेळा बसलो. हॅरियर आधी आखूड गवतात जमिनीवर उतरतात, मग अंधारताना एकेक उंच गवतात शिरतात. काही शिरून पुन्हा उठतात. म्हणून आत गेलेले आणि बाहेर आलेले असे दोन्ही मोजून वजाबाकी करतो. पाठ मावळतीकडे, अंतर तीनशे मीटर, पक्षी गेल्याशिवाय जवळ जायचं नाही. सकाळी रिकाम्या जागेवर मिळालेल्या, पक्ष्यांनी ओकलेल्या न पचलेल्या अन्नाच्या गोळ्यांत नाकतोड्यांचे पाय आणि उंदरांचे केस निघाले. त्या वाळवून, तारीख घालून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवल्या आहेत.

पुढच्या महिन्यात रातथाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरा मोजणारा बसवणार आहे. उंच गवतामुळे तिकडून शिरणारे पक्षी मला दिसतच नाहीत.