खाऱ्या शंकरपाळ्यांचा फॉन्ट

दसरा उलटला की फोनवर फराळाच्या जाहिराती सुरू होतात. पदार्थ तेच, डबे तेच, कोपऱ्यातली पणतीही तीच. वेगळं असतं ते मथळ्याचं अक्षर. कुणाचं गुबगुबीत, कुणाचं कुंचल्यानं फटकारलेलं, कुणाचं उंच-सडपातळ. अंगठ्यानं सरकवता सरकवता जो अर्धा क्षण मिळतो त्यात कुणी भाव वाचत नाही. हे घरगुती आहे की दुकानी, स्वस्तातलं आहे की खानदानी, एवढं मात्र अक्षराकडे बघून कळतं. डिस्प्ले फॉन्टचं, म्हणजे मथळ्यासाठीच बेतलेल्या फॉन्टचं, काम तेवढंच, आणि ते त्यानं तीन-चार शब्दांत उरकायचं असतं.

फॉन्ट निवडताना बहुतेक जण त्याचा नमुना बघून भाळतात. नमुन्यातले शब्द गुणी असतात: ‘नमस्कार’, ‘कमल’, ‘भारत’. आपल्याला लिहायचं असतं ‘खाऱ्या शंकरपाळ्या, अर्धा किलो, ऑर्डर सुरू’. तेव्हा नमुना बाजूला ठेवून हीच ओळ त्या फॉन्टमध्ये टाइप करून बघावी. पहिली परीक्षा ‘ऱ्या’ची. साधा र वापरला तर रफार चढतो आणि खाऱ्याचं ‘खार्या’ होतं. त्यासाठी ऱ, हलन्त आणि य असं लिहावं लागतं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की ऱ मिळतो. एवढं करूनही काही फॉन्टांत ‘ऱ्या’तला अर्धचंद्रासारखा र उमटत नाही, खाली टिंब असलेला लंगडा र तसाच दिसतो. असा फॉन्ट कितीही देखणा असला तरी मराठी फराळाच्या उपयोगाचा नाही.

दुसरी परीक्षा ‘ऑ’, ‘ॲ’ आणि ₹ यांची. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच फॉन्टांत ते नसतं. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, मुकाट्यानं दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतं. मग जाडजूड आकड्यांशेजारी एक किडकिडीत ₹ उभा राहतो, आणि जिथे गिऱ्हाइकाची नजर सगळ्यात आधी जाते तिथेच तो खटकतो. ल आणि श यांची मराठी वळणं फॉन्टात असली तरी झाकलेली असू शकतात. वेबपानाची भाषा हिंदी नोंदवलेली असेल किंवा नोंदवलेलीच नसेल तर ती बाहेर येत नाहीत. भाषा मराठी करून बघायला मिनिटभर लागतं.

ओळ या परीक्षांत पास झाली की मग स्वभाव बघावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मोदक नावाप्रमाणेच फुगलेला आहे, अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा चिरेएवढीच उरते. ‘चकली’ किंवा ‘फराळ’ असा एकटा शब्द त्यात झकास दिसतो. अख्खं वाक्य टाकलं की काळा ठोकळा होतो. आकार लहान केला तर प आणि ष यांच्यात फरक करणारी तिरपी रेघ बुजते, भ आणि ध यांच्या डोक्यावरची फट मिटते. मग ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ व्हायला वेळ लागत नाही. यात्रा वन हा फॉन्ट रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांच्या वळणाचा आहे. जुन्या चवीची जाहिरात असेल तर तो बोलका. तेको आणि खंड अंगानं अरुंद, लांब मथळा त्यांत दोन ओळींत मावतो. रोझा वनमध्ये जाड-बारीक रेघांचा फरक फार मोठा आहे. छापील निमंत्रणावर तो राजबिंडा दिसतो, व्हॉट्सॲपवरून चार गटांत फिरून आला की त्याच्या बारीक रेघा विरलेल्या असतात.

दोष कॉम्प्रेशनचा, म्हणजे चित्राची फाइल दाबून लहान करण्याचा, असतो, पण त्याचा हिशेब आपणच धरायचा. जेपीईजी या चित्रांच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जास्त काटछाट करून साठवली जाते. म्हणून पिवळ्या अक्षराला लाल किनार किंवा हिरव्यावर लाल अक्षर, या आपल्या सणासुदीच्या लाडक्या जोड्या सगळ्यात आधी चिघळतात. गडद तपकिरीवर साय रंगाचं अक्षर टिकतं. आकाराचंही तेच. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र फोनवर जेमतेम सात सेंटिमीटरांत बसतं. म्हणजे ३० पिक्सेलचं अक्षर दोन मिलिमीटरांच्या आत, आणि त्यातही शिरोरेषेपासून खालपर्यंतचा ऐवज त्याच्या निम्म्याच्या थोडा वर. तपशिलाची ओळ ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नये, आणि ती डिस्प्ले फॉन्टमध्ये तर मुळीच लावू नये. तिथे मुक्ता किंवा हिंदसारखा साधा, पोट मोकळं असलेला फॉन्ट हवा. जाहिरातीच्या चित्रात २० टक्क्यांहून जास्त मजकूर नको, ही फेसबुकची अट २०२० मध्ये गेली. तेव्हापासून लोक अख्खं दरपत्रक चित्रातच कोंबू लागले आहेत. अट होती तेच बरं होतं, असं कधीकधी वाटतं.

तयार टेम्पलेटं इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेली असतात. त्यांत मराठी ओतली की तीन ठिकाणी मोडतोड होते. अक्षरांतलं अंतर वाढवून ठेवलेलं असतं, त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे पडतात. ते अंतर शून्यावर आणायचं. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराएवढंच असतं, म्हणून वरच्या ‘खुसखुशीत’चे उकार खालच्या ‘करंज्यां’च्या अनुस्वाराला जाऊन भिडतात, ते किमान १.३ पट करायचं, नाहीतर ओळ दुसरीकडे तोडायची. तिसरी भानगड किनारीची. देवनागरीत प्रत्येक अक्षर शेजारच्यावर किंचित चढलेलं असतं, तेव्हाच शिरोरेषा अखंड दिसते. इलस्ट्रेटर या चित्रं करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा मजकुराला नुसती किनार दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते आणि शब्द डागडुजी केल्यासारखा दिसतो. ॲपिअरन्स पॅनेलमध्ये किनार अक्षरांच्या खाली सरकवावी, किंवा अक्षरांचे आकार करून पाथफाइंडर या त्यातल्याच सोयीनं ते एकजीव करावेत. गोलाईत मजकूर बसवतानाही हेच लक्षात ठेवावं. वळणदार रेघेवर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर सुटं फिरतं आणि शिरोरेषेला कोपरे येतात; त्याऐवजी पूर्ण शब्दाला वार्प दिला, म्हणजे तो सबंधच वाकवला, तर रेघ सलग वाकते. वेलांटी भलत्याच अक्षरापाशी गेली किंवा जोडाक्षरं सुटी पडली तर मात्र दोष फॉन्टचा नसतो. सॉफ्टवेअरमधली भारतीय लिप्यांची मांडणी बंद असते, ती चालू करायची.

कुंचल्याच्या फॉन्टांचा सध्या सुळसुळाट आहे. अक्षरं रेखाटणारे कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी प्रत्येक नाटकाचं नाव वेगळं रेखाटत. एका नावातलं अक्षर दुसऱ्या नावात तसंच्या तसं सापडायचं नाही. फॉन्ट हे करू शकत नाही. ‘करकरीत’ लिहिलं की दोन्ही ‘क’ना त्याच जागी तोच शिंतोडा आणि तेच फाटलेलं टोक येतं, आणि हातानं लिहिल्याचं सोंग उघडं पडतं. उपाय सोपा आहे. शब्दाचे आकार करून घ्या, दुसऱ्या ‘क’चा शिंतोडा पुसा, त्याचा पाय थोडा लांबवा, एखादा काना तिरका करा. पाच मिनिटांचं काम, पण त्यानं शब्द जिवंत होतो. मात्र असा बदल परवान्यात चालतो का, हे आधी बघावं. ओपन फॉन्ट परवान्यातले फॉन्ट धंद्यासाठी फुकट वापरता येतात, नुसता फॉन्ट विकायचा नाही एवढंच. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेला फॉन्ट फराळाच्या जाहिरातीला चालत नाही, डबे आईच भरत असली तरी.

राहिला ई-मेल. जीमेल वेबफॉन्ट, म्हणजे नेटवरून उतरवून घ्यायचे फॉन्ट, दाखवत नाही, त्यामुळे तिथे हौसेचा मथळा साध्या अक्षरात उतरतो. मथळा चित्र करूनच पाठवावा आणि चित्राच्या पर्यायी मजकुरात (चित्र दिसलं नाही तर त्याजागी दिसणाऱ्या ओळीत) तेच शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, टाइप करावेत. चित्रं बंद ठेवणाऱ्यांना निदान कशाची ऑर्डर सुरू आहे ते कळेल. मात्र हा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात केलेल्या फाइलमधून चिकटवू नये, नाहीतर चकलीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो.