“आपण कोण?”

देवगडच्या एका बागायतदाराने जानेवारीत पुण्यातल्या प्रदर्शनात स्टॉल लावला होता. तेव्हा आंबा नव्हताच. आंबापोळी होती, कोकम होतं आणि एक वही होती. ‘आंबा तयार झाला की कळवा’ म्हणून तीनेकशे लोकांनी त्या वहीत आपले ईमेल लिहून दिले. मी छोट्या व्यावसायिकांची ईमेलची कामं बघते, म्हणून ती वही माझ्याकडे आली. आंबा नाही तर मेल कशाचा पाठवायचा, असा विचार करून मी ती ठेवून दिली.

मार्चअखेर पेट्या भरायला लागल्या. त्या सकाळी सगळ्यांना एकदम मेल गेला: ‘आजच बुक करा, पहिल्या पेटीवर सूट!’

काही पत्ते अक्षर न लागल्याने चुकले होते, ते मेल परत आले. पण तिघांनी आम्हाला स्पॅम ठरवलं. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून मेल पाठवणाऱ्यांना बजावलं आहे. म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत, आणि आमची यादीच तीनशेंची! असं होत राहिलं तर ज्यांना आंबा खरंच हवाय त्यांना पाठवलेले मेलही स्पॅममध्ये जाऊन पडतात.

त्याहून लागलं ते एका निवृत्त शिक्षकांचं उत्तर. “आपण कोण? माझा पत्ता आपल्याला कुणी दिला?”

मी बागायतदारांना फोन केला. त्यांना ते सर लगेच आठवले. स्टॉलवर अर्धा तास उभे राहून कलमांबद्दल विचारत होते म्हणे. मग मी आमचा मेल वाचून दाखवला. ते गप्प झाले आणि म्हणाले, “ह्या मी कधी बोल्लंय गो?”

खरंच, त्यांचा एक शब्दही त्यात नव्हता.

मग ते सांगत गेले आणि मी टिपत गेले. ‘जानेवारीत पुण्याच्या स्टॉलवर तुम्ही आमच्या वहीत नाव लिहिलंत. तेव्हा बाग मोहोरली होती, आता तोडणी सुरू आहे. पेटी आली की फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, पेंढ्यात आढी लावा. आतला गर खराब करणारा साका बाहेरून दिसत नाही. कापल्यावर निघाला तर फोटो पाठवा, आंबा बदलून देऊ.’ खाली एका क्लिकमध्ये नाव काढून घ्यायची सोय ठेवली. सूट काढून टाकली. तक्रार करणाऱ्या तिघांना वगळून दुपारी हे पत्र गेलं. असंच पत्र जानेवारीत, नाव लिहिलं त्याच संध्याकाळी जायला हवं होतं. तेव्हा लोकांच्या जिभेवर आंबापोळीची चव तरी होती.

आता नवीन नाव आलं की त्याच दिवशी बागायतदारांच्या शब्दांतलं पत्र जातं. हंगामाला तीन महिने असले तरी.

संध्याकाळी सरांचं उत्तर आलं. “आठवलं. पुण्यात पेंढा कुठून आणू? तांदळाच्या डब्यात ठेवले तर चालतील?”

मी ते देवगडला वाचून दाखवलं. चालतील, असा निरोप आला, फक्त रोज एकदा हात फिरवून बघा म्हणावं.