काँटेसाच्या दोन सीटा
वडिलांच्या काँटेसाच्या पुढच्या दोन्ही बकेट सीटा आज अनगोळच्या कुशन कारागीर मामांकडे उघडल्या. हिंदुस्थान मोटर्सने 1984 च्या सुमारास बाजारात आणलेली ही गाडी मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या आराखड्यावर बेतलेली होती, आणि तिचे लांब बॉनेट पाहून आपल्याकडे अनेक जण तिला आजही भारतीय मसल कार म्हणतात.

जुने रेक्झिन फाडून टाकावे असे मला वाटले होते. मामांनी मात्र ब्लेडने एकेक शिवण उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूने खुणा केल्या, कारण नवे कापड बेतायला तोच एकमेव खरा नमुना असतो. आतला फोम हातात घेताच भुगा झाला. बेळगावच्या पावसाळी ओलीने लोखंडी सांगाड्यावर गंज धरला होता, म्हणून तो तारेच्या ब्रशने घासून त्यावर रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारला. स्प्रिंगांवर तागाचे जाड कापड ताणून बांधले, नाहीतर तारा नवा फोमही हळूहळू कापत जातात.

शिवून तयार झालेले कव्हर मामांनी आधी अर्धा तास उन्हात ठेवले, कारण ऊब लागली की रेक्झिन मऊ पडते. मग मधून कडांकडे ओढत ते बसवले, आणि पायपिंगची, म्हणजे शिवणीवरच्या गोल किनारीची, रेघ सरळ येईना म्हणून डावी बाजू दोनदा सोडवली. मला ती पहिल्याच वेळी बरी वाटली होती, पण मामांचे बरोबर होते.

चालकाची सीट पूर्ण झाली. संध्याकाळी वडील तिच्यावर बराच वेळ हात फिरवत बसले होते.