गाजराची शिट्टी

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल मन लावून पाहणाऱ्याला कडक रेफ्री चालतो आणि सैलही चालतो. पूर्वार्धात कडक आणि उत्तरार्धात सैल, एवढं मात्र खपत नाही. गाजराच्या पुंगीसारखी ही शिट्टी, वाजली तर वाजली.

पुरुषांच्या सामन्याचं गणितच असं आहे की एकेक शिट्टी महागात पडते. वीस मिनिटांचा पूर्वार्ध, तेवढाच उत्तरार्ध, आणि नावावर पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. सातव्या मिनिटालाच सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, दुसरा फाउल झाला, तर बरेच कोच त्याला मध्यंतरापर्यंत बाकावरून हलू देत नाहीत. संघाचा हिशेब आणखी वेगळा. एका अर्धात समोरच्यांचे सात फाउल झाले की ‘वन-अँड-वन’, म्हणजे पहिला फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचा एका गुणाचा फेक) आत गेला तरच दुसरा. दहा झाले की सरळ दोन. त्यामुळे मनगटावरचा तोच हलका फटका एका बास्केटखाली फाउल आणि दुसऱ्या बास्केटखाली ‘चालू द्या’ ठरला, तर नुकसान दोन गुणांवर थांबत नाही.

खरी डोकेदुखी म्हणजे ब्लॉक की चार्ज. एक जण बास्केटकडे झेपावतो, बचाव करणारा आडवा येतो, धडक होते, दोघेही जमिनीवर. फाउल कुणाचा? बचाव करणाऱ्याचा असेल तर ब्लॉक, झेपावणाऱ्याचा असेल तर चार्ज. 2023-24 च्या मोसमापासून नियम असा की उडी घेण्यासाठी आक्रमकाने पाय रोवला, त्या क्षणी बचाव करणारा जागेवर असायला हवा. त्याआधी आक्रमकाचा पाय जमिनीवरून सुटेपर्यंत मुभा होती. भरीला बास्केटखाली जमिनीवर आखलेली चार फुटांची कमान. मदतीला धावून आलेल्या दुसऱ्या बचावपटूला त्या कमानीत उभं राहून चार्ज मिळवता येत नाही. म्हणजे पापणी लवायच्या आत रेफ्रीने एकाचा रोवलेला पाय, दुसऱ्याची टाच आणि धडक छातीवर बसली की खांद्यावर, हे सगळं टिपायचं. गॅलरीत ‘पाय हलत होते!’ म्हणून जो ओरडा होतो, तो बहुतेक वेळा फुकट असतो. एकदा कायदेशीर जागा धरली की बाजूला किंवा मागे सरकायला बचावपटूला मोकळीक असते. एलबीडब्ल्यूवरून आपणही हमरीतुमरीवर येतो, पण तिथे निदान चेंडूची रेघ काढून दाखवता येते. इथे दोन देहांची रेघ कोण काढणार?

रेफ्री तीन. ‘लीड’ बास्केटखाली एंड लाइनवर, ‘ट्रेल’ खेळाच्या मागे, ‘सेंटर’ (हा खेळाडू नव्हे, रेफ्रीच) समोरच्या साइडलाइनवर. लीड सगळ्यात जवळ, पण धिप्पाड पाठी मध्ये आल्या की त्याला दिसतं सगळ्यात कमी. दोघांनी एकदम शिट्टी मारली तर मूठ वर धरून थांबायचं, सोबत्याकडे बघायचं आणि ज्याच्या हद्दीत प्रकार घडला त्याला निर्णय सांगू द्यायचा, अशी शिस्त आहे. घाईत ती मोडते. एकाचे हात कमरेवर, म्हणजे ब्लॉक. दुसऱ्याचा हात डोक्यामागे, म्हणजे चार्ज. या फजितीला रेफ्रींच्या बोलीत ‘ब्लार्ज’ असं खास नावच आहे.

हे रेफ्री कुणाचे पगारी नोकर नसतात. सामन्यागणिक मानधन घेऊन वेगवेगळ्या कॉन्फरन्सेससाठी, म्हणजे कॉलेजांच्या गटांसाठी, काम करतात. आज एका शहरात, उद्या दुसऱ्या, सोबती वेगळे आणि नेमणूक करणाराही वेगळा. मग मोजपट्टी एक राहावी कशी? 2013-14 मध्ये चेंडू घेऊन येणाऱ्याच्या अंगावर दोन्ही हात ठेवणं, हात टेकवून ठेवणं, पुन्हापुन्हा शिवणं, बाहू आडवा लावणं या चारही गोष्टी फाउल ठरवून कडक मोहीम सुरू झाली. नोव्हेंबरात शिट्ट्यांनी कान किटले. मोसम पुढे सरकला तशी तीच शिट्टी मऊ पडली, अशी तक्रार प्रेक्षक आजही करतात.

शेवटच्या मिनिटाबद्दल तर बोलायलाच नको. एप्रिल 2019, मिनियापोलिस, फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी. व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ ऑबर्न विद्यापीठाच्या दोन गुणांनी मागे. व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा चेंडू स्वतःच्याच पायाला लागून उडाला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, सुरू केलं. चेंडू धरल्यावर हे चालत नाही. डबल ड्रिबलची शिट्टी नाहीच. पुढे 0.6 सेकंद उरले असताना कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारणाऱ्या व्हर्जिनियाच्याच काइल गाय (आडनाव खरंच असं आहे) याच्यावर फाउल दिला गेला. त्याने तिन्ही फ्री थ्रो आत टाकले, 63–62. फाउलचा निर्णय तसा नियमाला धरून होता, कारण शॉट मारणाऱ्याला खाली उतरायला जागा द्यावीच लागते. ऑबर्नवाल्यांचा जीव जळतो तो त्याआधी न वाजलेल्या शिट्टीपायी.

2025-26 पासून पुरुषांच्या सामन्यांतही कोचला चॅलेंज, म्हणजे रेफ्रीचा निर्णय व्हिडिओवर तपासून मागण्याचा हक्क, मिळाला. हाताशी टाइमआउट असेल तरच ते घेता येतं. हरलं की टाइमआउट जातो, जिंकलं तर आणखी एक चॅलेंज मिळतं. चेंडू कुणाला लागून बाहेर गेला, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणारा चेंडू हाताने अडवणं) होतं का, दुसऱ्या बचावपटूची टाच कमानीत होती का, एवढंच त्यात तपासायचं. धक्का फाउल देण्याजोगा होता का, हे विचारायची सोय नाही.

तोवर जाणता प्रेक्षक एकच करतो. घड्याळात सोळा मिनिटांच्या खाली पहिला टीव्ही टाइमआउट येईपर्यंत चेंडूवरची नजर काढतो आणि बास्केटजवळच्या कोपरांकडे, ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवरच्या हाताकडे बघत बसतो. आजचा रेफ्री कशाला शिट्टी देतोय, ते तेवढ्यात कळतं. निदान मध्यंतरापुरतं.