तुम्ही विचारलंत म्हणून: आज चंद्र जवळ आलाय का?

कोजागिरीला दादरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी दुर्बीण लावतो. तिकडे दूध आटत असतं, आणि कुणीतरी विचारतंच, "आज चंद्र जवळ आलाय म्हणे? केवढा मोठा दिसतोय!" गेल्या खेपेला तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. माझं उत्तर संपेपर्यंत त्यांचं दूध गार झालं, म्हणून आता लिहूनच काढतो.

जवळ येतो, पण तो दर महिन्यालाच येतो. त्याची कक्षा जराशी लांबट, त्यामुळे साडेसत्तावीस दिवसांत एकदा जवळच्या टोकाला आणि एकदा लांबच्या टोकाला त्याची फेरी होते. शाळेत पाठ केलेले ३,८४,४०० किलोमीटर ही नुसती सरासरी. खरी गंमत पुढेच आहे. ही टोकंही दर महिन्याला सरकतात, कारण सूर्य मध्ये ढवळाढवळ करतो. कक्षेची लांब बाजू सूर्याच्या रेषेत आली की ती आणखी ताणली जाते आणि चंद्र ३,५६,५०० किलोमीटरपर्यंत येऊन ठेपतो. तीच बाजू सूर्याला आडवी असेल त्या महिन्यात तो ३,७०,००० च्या आसपासच थांबतो. लांबचं टोक मात्र फारसं हलत नाही: ४,०४,००० ते ४,०६,७००.

हा ताण साधारण सात महिन्यांनी येतो, एकदा पौर्णिमेला, एकदा अमावस्येला. पौर्णिमेला आला की 'सुपरमून' म्हणून बातमी होते, अमावस्येला आला तर कुणाला पत्ताही लागत नाही. तो शब्दही खगोलशास्त्रज्ञांचा नव्हे. १९७९ मध्ये रिचर्ड नोल नावाच्या एका अमेरिकन ज्योतिषाने तो काढला.

आता आपल्या कोजागिरीचंच बघा. २०२० मध्ये त्या रात्री चंद्र ४ लाख ६ हजार किलोमीटरवर होता, म्हणजे जवळजवळ जाईल तितका लांब. २०२४ मध्ये तो ३ लाख ५७ हजारांवर होता. फरक एकोणपन्नास हजारांचा! दोन्ही वर्षी गच्चीवर "केवढा मोठा!" ऐकलं ते सारख्याच उत्साहाने.

फरक दिसायला किती, तर रुपयाच्या आणि दोन रुपयांच्या नव्या नाण्यांइतका. शेजारी ठेवलीत तर लगेच कळतो. पण एक आज दाखवलं आणि दुसरं चार वर्षांनी, तर कोण ओळखणार? मी एकाच कॅमेऱ्याने, एकाच लेन्सने फोटो काढून ठेवलेत. ते पाहिल्याशिवाय माझाही विश्वास बसला नसता.

संध्याकाळी वडाळ्याच्या बाजूला इमारतींमागून वर येणारा चंद्र मोठा वाटतो तो निव्वळ डोळ्यांचा खेळ. वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यातून बघा, लगेच लहान होतो. उलट उगवताना तो आपल्यापासून जास्तच लांब असतो. माथ्यावर येईपर्यंत पृथ्वी आपल्याला फिरवून त्याच्या जवळपास सहा हजार किलोमीटर जवळ नेते. तेव्हा मात्र वर कुणी बघत नाही, सगळे दुधाच्या पातेल्याभोवती.

डोळा फसतो, पण समुद्र फसत नाही. भरती आणणारी ओढ अंतराच्या घनाच्या हिशेबाने बदलते, त्यामुळे २०२० च्या मानाने २०२४ च्या कोजागिरीला चंद्राची ओढ जवळजवळ दीडपट होती. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतींची यादी काढते. त्यातल्या मोठ्या आकड्यांच्या आगेमागे अमावस्या-पौर्णिमा सापडेल आणि बरेचदा जवळ आलेला चंद्रही. अमावस्येचा न दिसणारा चंद्रसुद्धा इथे पकडला जातो.

मुंबईत पौर्णिमेची भरती बाराच्या सुमारासच येते, दुपारी आणि मध्यरात्री. म्हणून मी काकूंना म्हटलं, पुढच्या कोजागिरीला दूध संपलं की चौपाटीवर चला, चंद्र किती जवळ आलाय ते पाण्याकडे बघून सांगतो.

"तिथे डास फार असतात," काकू म्हणाल्या.