मेक्सिकोत गेलेले वावर

१० मे २०२४ च्या भूचुंबकीय वादळात लडाखमधील हानले येथूनही आकाश तांबडे झालेले टिपले गेले होते. त्या दिवसांतील आयनांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या, नोंदी नकाशावर मांडण्याचे काम जुलैमध्ये माझ्याकडे आले. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी, घराच्या माडीवर बसून मी असली कामे करतो. वीज टिकली तर दिवसा, नाही तर रात्री.

नोंदी भूचुंबकीय अक्षांश-रेखांशांत होत्या, नकाशाला भौगोलिक हवे होते. भूचुंबकीय पद्धतीत पृथ्वीच्या केंद्रात एक तिरपा दंडचुंबक आहे असे मानतात आणि त्याचा अक्ष जिथे पृष्ठभागाबाहेर येतो, तो ध्रुव धरून सगळी मोजणी करतात. होकायंत्राची सुई जिथे सरळ खाली झुकते तो ध्रुव वेगळा, हे माहीत नसल्यामुळे अनेकांची सुरुवातच चुकते. रूपांतर म्हणजे दोन वेळा फिरवणे: आधी अक्ष ध्रुवाच्या झुकावाइतका सरळ करायचा, मग रेखांश सरकवायचा. कामासोबत एक जुना तयार कोड आला होता, तो चालवून नकाशा द्यायचा, एवढेच माझ्याकडून अपेक्षित होते.

दुसऱ्याच्या कोडवर माझा विश्वास बसत नाही. म्हणून मी फोनवरून आमच्या वावराच्या धुऱ्यावरील बोरीच्या झाडाचे स्थान घेतले, साधारण २०.७४° उत्तर, ७८.६०° पूर्व. खात्रीच्या दुसऱ्या साधनाने त्याचे भूचुंबकीय आकडे काढले, ते आले १२.३° आणि १५२.६°, आणि तेच या कोडला उलट फिरवायला दिले. नकाशावरचा ठिपका मेक्सिकोत पडला.

बाबा जेवायला बोलवायला माडीवर आले होते. “आपलं वावर कुठी दाखवून रायली तुयी मशीन?” त्यांनी विचारले. मी सांगितले. “मंग सातबारा तिकडचाच काढा लागीन बाप्पा,” म्हणत ते खाली उतरले.

कारण सापडायला तासभर लागला. रेखांश काढताना कोडने ठिकाणाच्या y या निर्देशकाला x ने भागून साधा आर्कटॅन (गुणोत्तरावरून कोन काढणारे फल) घेतला होता. भागाकारात दोघांची चिन्हे मिसळून जातात, त्यामुळे x ऋण असताना उत्तर नेमके १८० अंशांनी चुकते, आणि अक्षांशाला मात्र धक्काही लागत नाही. भूचुंबकीय ध्रुवाचा रेखांश सुमारे ७२° पश्चिम आहे. अमेरिकेतील बहुतेक ठिकाणांसाठी x धनच राहतो. ज्याने कोड लिहिला त्याने बहुधा तिकडचीच स्थानके तपासली असावीत, आणि त्याला सगळे बरोबर दिसले असावे. चूक उघडी पडते ती आमच्यासारख्या पृथ्वीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात. दोन्ही चिन्हे वेगवेगळी घेणारा आर्कटॅन-२ वापरताच ठिपका भारतात परत आला, पण महाराष्ट्राची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात.

याचे मूळ ध्रुवाच्या आकड्यात होते. कोडमध्ये ७९.३० आणि २८८.५९ (पूर्वेकडे मोजलेला रेखांश, म्हणजे ७१.४१° पश्चिम) असे थेट लिहिलेले होते. हे १९९५ च्या सुमाराचे स्थान. नोंदी २०२० च्या ध्रुवावर आधारलेल्या होत्या. आयजीआरएफ या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या संदर्भ प्रारूपातील पहिल्या तीन गुणांकांवरून तो ध्रुव ८०.५९° उत्तर, ७२.६८° पश्चिम येतो. पंचवीस वर्षांत झालेल्या या फरकामुळे आमचे वावर दीडशे किलोमीटरहून अधिक सरकले होते.

मग राहिली चौदा किलोमीटरची चूक, सरळ दक्षिणेकडे, आणि तिनेच मला सर्वांत जास्त छळले, कारण उत्तर इतके जवळ आले की माणूस थांबतो. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे. फिरवण्याचे गणित तिच्या केंद्रातून मोजलेला अक्षांश देते, फोन मात्र पृष्ठभागाला काढलेल्या लंबावरून मोजतो. आमच्या पट्ट्यात या दोहोंत सुमारे ०.१३ अंशांचा फरक पडतो. ती दुरुस्ती शेवटी जोडली, तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि वीज दुसऱ्यांदा गेली होती. लॅपटॉपच्या उरलेल्या बॅटरीवर पाहिले, तर ठिपका बोरीच्या झाडावरच होता.

सुधारित कोड पाठवताना त्यातील चाचण्यांत मी हा एक बिंदूही ठेवला आणि त्याला ‘वावर’ असे नाव दिले. काम देणाऱ्यांनी नावाचा अर्थ विचारला, मी कळवला, आणि त्यांनी ते तसेच राहू दिले.